तेरावा फर्मा

२ जानेवारी, शुक्रवार

नर्स! खून नर्सने केला! आणि मी पहिल्या पानापासून त्या गरीब भाच्यावर डोळा ठेवून बसलेली. नव्या वर्षाची सुरुवातच अशी. अक्कल शून्य!

काल वाचनालयातून गठ्ठे आले. डिसेंबरअखेर तिथे मोजदाद होते, आणि ज्या पुस्तकांची पानं लोंबायला लागलीत ती वर्षाच्या सुरुवातीला आमच्या दुकानात बांधणीला येतात. कवितांची पुस्तकं कधीच येत नाहीत, ती कोरी करकरीत असतात. येतात त्या रहस्यकथा. या खेपेला बत्तीस! सगळ्या एकाच मालिकेतल्या — तोच आकार, तोच टाईप, तोच तो सदा सर्दी झालेला इन्स्पेक्टर.

बाबा — माझे सासरे — म्हणाले, "पोरी, पुस्तक बांधायचं असतं, वाचायचं नसतं." पन्नास वर्षं पुस्तकं बांधतायत, एक वाचलेलं नाही. मी वाचते, आणि तरी मला काही कळत नाही. मग शहाणं कोण?

३ जानेवारी, शनिवार

आज एक पाप केलं. इथे लिहिते, म्हणजे मन हलकं होईल.

पुस्तक उसवलं की त्याचे फर्मे सुटे होतात, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या. या मालिकेत प्रत्येक पुस्तकाचे तेरा. घडीच्या पायाशी बारीक आकडा असतो, तेवढीच तिची ओळख. पुस्तकाचं नाव पानावर कुठेच नाही. बाबा घडीच्या पाठीवरचा जुना सरस खरवडतात. मी तेरा फर्मे क्रमाने लावून दोऱ्याने बांधते. मग बाबा अंगठ्याने उलटत आकडे मोजतात आणि शिवायला बसतात. त्यामुळे माझं वाचन हे असं तुकड्यातुकड्यांनी! पहिले चार-पाच फर्मे जेवणाच्या सुट्टीत वाचून होतात. मधले असतात बाबांच्या हाताखाली. आणि शेवटासाठी माझा जीव टांगणीला.

बाबांचा नियम आहे : उसवलेलं पुस्तक उंबऱ्याबाहेर जात नाही. हे होते तेव्हाही तोच नियम होता. पण आज संध्याकाळी मी दोन फर्मे पिशवीत घातलेच — जहाजवालीचा शेवट आणि डॉक्टरवालीचा शेवट. (नावं कोण लक्षात ठेवतं? एकीत जहाजावर खून होतो, दुसरीत डॉक्टरच्या बंगल्यात.) सोमवारी बाबा नेहमीसारखे तासभर आधी दुकानात जातील. मी मागून जाऊन गुपचूप जागच्या जागी ठेवीन. कोणाचं काय जातंय?

४ जानेवारी, रविवार

चहा घेऊन खिडकीशी बसले, पिशवीतून फर्मा काढला, वाचला. डोक्याचा भुगा! खून भर समुद्रात, आणि इन्स्पेक्टर शिंकत शिंकत गुलाबाच्या ताटव्यात माळ्याला पकडतोय. हा माळी जहाजावर चढला कधी?

मग डॉक्टरवाली. त्यात शेवटी सगळी पात्रं डेकवर गोळा, आणि खुनी निघतो खलाशी! डॉक्टरच्या बंगल्यावर खलाशी कशाला येईल? मधले आठ फर्मे मी वाचले नाहीत, त्यातच सगळी मेख असणार. लेखक हुशार. मीच दुधखुळी.

६ जानेवारी, मंगळवार

फर्मे काल परत ठेवले, कोणाला पत्ता नाही.

भाऊजींचा फोन. माझे धाकटे दीर, दूरच्या शहरात असतात. पहिलं वाक्य तेच : "वहिनी, बाबांचे डोळे कसे आहेत?" जसे काही डोळे माझ्या ताब्यात आहेत! मी म्हटलं, चांगले आहेत. "शहात्तर वर्षांचा माणूस दाभण घेऊन बसतो, मला झोप लागत नाही. त्यांना इकडे आणतो. बस झालं आता ते दुकान." मी म्हटलं, दुकानाशिवाय ते आठ दिवस जगणार नाहीत. "असं तुम्हीच म्हणता," म्हणाले. मला राग आला. बाबांना काही सांगितलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

सर्कसवालीचा शेवट आणला. एकच. चोख बसला! खुनी मात्र मला याही वेळी ओळखता आला नाही.

१० जानेवारी, शनिवार

पुन्हा दोन आणले — हॉटेलवाली आणि जुळ्या बहिणींची. पुन्हा तोच गोंधळ! हॉटेलातल्या खुनाचा छडा लागतो एका शाळेच्या गच्चीवर, आणि तिथे एक बहीण दुसरीच्या नावाने ओरडते. या बहिणी हॉटेलात उतरल्याच कधी? जुळ्या बहिणींच्या गोष्टीत बहिणीच नाहीत, नुसता स्वयंपाकी रडतोय.

रहस्यकथा वाचायला एक वेगळा मेंदू लागत असावा. माझ्यात तो बसवायचा राहून गेला.

१३ जानेवारी, मंगळवार

वीस पुस्तकं बांधून वाचनालयाला गेली. नवे पुठ्ठे, नवी कापडी पाठ, एकसारखी ओळ. बाबा गाडी वळेपर्यंत दारात उभे होते. मग म्हणाले, "छान झालीयत." बाबांच्या तोंडून "छान" म्हणजे वर्षातून एकदा.

१५ जानेवारी, गुरुवार

आज दुकानात निवृत्त पोस्टमास्तर आले. वाचनालयाचे सगळ्यात जुने वाचक. रहस्यकथेवर पहिला हक्क त्यांचाच, असं ते स्वतःच मानतात. हातात जहाजवाली. रागाने लाल! "अहो, हे चाललंय काय? खून समुद्रात आणि पकडलाय माळी!"

मी आनंदाने ओरडलेच, "मलाही अगदी हेच वाटलं होतं!"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईने सरस ढवळायला घेतला.

बाबांनी पुस्तक घेतलं. शेवटची घडी बोटांनी चाचपली, पान जवळ धरलं, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा फर्मा यातला नाही. दुसऱ्याच पुस्तकाचा शिवला गेलाय. माझ्या हातून चूक झाली, मास्तर."

बाबांच्या हातून? ज्यांनी पन्नास वर्षांत एक पान उलटं शिवलं नाही, त्यांच्या?

पोस्टमास्तर एकदम नरम. "वय होतं हो सगळ्यांचं," म्हणाले. ते वाक्य मला पुस्तकातल्या माळ्यापेक्षा जास्त लागलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

ग्रंथपाल बाईंचा फोन. त्यांनी वीसही पुस्तकं तपासली. चार चुकलीत. जहाजवाली, डॉक्टरवाली, हॉटेलवाली, जुळ्या बहिणींची. बाई चांगल्या आहेत, पण भाऊजींच्या वर्गमैत्रीण. भाऊजींना आधीच कळवून मोकळ्या! "तुमच्या सासऱ्यांच्या काळजीपोटी" म्हणे. भाऊजी रविवारी येतायत.

काय करू? चुकीचं खापर बाबांवर फुटलं तर भाऊजी त्यांना उचलून नेतील. गठ्ठा तर बाबांनीच तपासलेला. पण हेही खरं की मी घरी वाचलं तेव्हाच शेवट चुकलेला होता! म्हणजे अदलाबदल माझ्या हातात यायच्या आधीच झाली. मग केली कोणी? वाचनालयाने? आधीच्या बांधणीत? की खरंच बाबांचे डोळे?

१७ जानेवारी, शनिवार

आज मी इन्स्पेक्टर झाले. सर्दी सोडून सगळं.

सकाळी बाबांपुढे सुई धरली, म्हटलं मला दोरा ओवता येत नाही. त्यांनी एका दमात ओवला! मग एका गठ्ठ्यात मुद्दाम नवव्याच्या जागी सहावा फर्मा घातला. अंगठा तिथे आला आणि थांबला. "अगं, लक्ष कुठेय?" दुसऱ्या गठ्ठ्यात परक्या पुस्तकाचा नववा घातला. अंगठा सरळ पुढे. बरोबरच आहे. आकडा तोच, कागद तोच. आमच्यात मजकूर कोण वाचतं? आकडा वाचतात.

म्हणजे डोळे शाबूत. म्हणजे चूक मोजण्यात नाही. म्हणजे फर्मा गठ्ठा बदलतो तो आधीच कधीतरी. पण बाबा एका वेळी एकच पुस्तक खरवडतात, ते उचलल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाहीत! मग घोडं पेंड खातंय कुठे?

संध्याकाळी त्यांना सरळ विचारलं, "बाबा, खरंच तुमच्याकडून झालं?" ते म्हणाले, "मी म्हटलं ना." आणि सरसाचा डबा धुवायला उठले.

१८ जानेवारी, रविवार

भाऊजी आले. मी भांडायची पूर्ण तयारी केली होती. भांडायची वेळच आली नाही.

भाऊजींनी विषय काढला आणि बाबा म्हणाले, "बरं. येतो."

एवढंच! मी म्हटलं, "बाबा, असं काय करता? चार पुस्तकं आपण परत बांधू." ते म्हणाले, "आज चार, उद्या चाळीस. हात आवरता घेतलेला बरा." भाऊजींनी ग्रंथपाल बाईंशी आधीच बोलून ठेवलेलं. काम माझ्याकडे राहील, मी एकटीने केलं तर. म्हणजे दुकान माझं, बाबा त्यांचे. पुढच्या रविवारी न्यायला येतायत.

गेल्या तीन वर्षांत माझ्या बहिणीने दोनदा बोलावलं. तिच्या बालवाडीत माझ्यासाठी जागा आहे, घर आहे, दोन भाच्या आहेत. मी गेले नाही. हे गेल्यावर बाबांना एकटं टाकून कुठे जाणार? त्यांचा जीव त्या शिवायच्या चौकटीत आणि त्या दाभणात! आता त्यांनाच उपटून नेतायत, आणि मी हात बांधून बघत राहायचं.

मला काही समजत नाही. काहीच!

२० जानेवारी, मंगळवार

समजलं.

चारही पुस्तकं दुरुस्तीला परत आली. सकाळपासून उसवत होते. जहाजवालीत डॉक्टरवालीचा शेवट, डॉक्टरवालीत जहाजवालीचा. हॉटेलवालीत बहिणी, बहिणींत हॉटेल. जोडीजोडीने! सर्कसवाली अगदी बरोबर. सर्कसवालीचा शेवट एकटाच आणला होता. या चौघींचे आणले होते दोन-दोन.

एका पिशवीत दोन फर्मे. दोघांवर आकडा तेरा. दोघांवर नाव नाही. रविवारी सकाळी पिशवीतून जो आधी हाताला लागला तो जहाजवालीचा समजून वाचला! परत ठेवतानाही तसाच ठेवला. आणि चूक माझ्या आधीची आहे, असं मीच मला पटवून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतक्या रहस्यकथा वाचून ही अक्कल.

मी दुकानात होते, बाबा समोर शिवत होते. त्यांनी विचारलं, "सापडलं का काही?" मी म्हटलं, "नाही."

नाही म्हटलं! का म्हटलं? भीतीने. दुसरं काय!

२१ जानेवारी, बुधवार

बाबांना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत. रडतच सांगितलं. सगळं — पिशवी, चहा, खिडकी, तेरा आणि तेरा.

त्यांनी डबा झाकला आणि म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"मास्तरांनी पुस्तक हातात दिलं तेव्हापासून. त्या घडीवर चहाच्या कपाचं गोल होतं. या दुकानात चहा येत नाही. मी येऊ देत नाही."

मग म्हणाले, माझ्या नावावर चूक गेली तर एक म्हातारा घरी बसतो. तुझ्या नावावर गेली तर वाचनालयाचं काम बंद. तुला अजून वीस वर्षं काढायचीत.

मी म्हटलं, हा कुठला न्याय? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी भाऊजींना सांगणार. ते आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "खबरदार!"

मला वाटलं होतं, कबूल केलं की मोकळं वाटेल. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय. इतकं प्रेम कोणी करू नये. ते फेडायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

तरी फोन केला. भाऊजींना सगळं सांगितलं, क्रमाने, तारखांसकट. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, झालं, सुटले बाबा!

मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही किती चांगल्या आहात हो!"

"म्हणजे?"

"बाबांसाठी सगळं स्वतःवर घेताय. दादा असता तर त्याला अभिमान वाटला असता. पण मी ठरवलंय."

मी ओरडून सांगितलं — अहो, खरंच मी केलंय! जितकं ओरडले तितकं त्यांना भरून आलं.

संध्याकाळी वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. "किती जीव लावता सासऱ्यांना! आजकाल असं बघायला मिळत नाही." मागे उभे पोस्टमास्तर चष्मा पुसायला लागले.

आता काय करावं माणसाने? पुस्तकात खुनी नाही नाही म्हणतो आणि इन्स्पेक्टर सिद्ध करतो. इथे मी हो हो म्हणतेय आणि कोणाला पटत नाही! चहाचं गोल दाखवणार होते. पण तो फर्मा काल बाबांनी दुरुस्तीला घेतला. पान धुऊन, इस्त्री फिरवून पुन्हा शिवलंसुद्धा. पुरावा साफ. आणि तोही किती सफाईने!

२४ जानेवारी, शनिवार

बाबांची बॅग भरली. शर्ट सहा, स्वेटर दोन, औषधं. दाभण घ्यायचं का, विचारलं. "तुलाच लागेल," म्हणाले. मला लागेल म्हणून, की त्यांना बघवत नाही म्हणून? चेहऱ्यावरून काही कळेना. माणसाच्या चेहऱ्यावरून मला कधी काही कळलंय?

दिवसभर हातात हात घालून काम केल्यासारखं केलं. शेवटची बारा पुस्तकं त्यांनी मोजली, मी शिवली. पहिल्यांदाच असं उलटं. माझी एक शिलाई सैल होती. त्यांनी ती उसवली नाही, नुसतं बोट ठेवून दाखवली.

२५ जानेवारी, रविवार

गेले.

गाडी सुटताना मी म्हटलं, "बाबा, मी काहीतरी मार्ग काढते. तुम्हाला परत आणते." ते काहीतरी म्हणाले, काच वर होती, ऐकू आलं नाही. भाऊजी हात हलवत होते.

घरी येऊन दोन माणसांचा चहा टाकला. प्यायला एकटीने. मग खूप रडले. आपल्या हौसेपायी एका माणसाचं सगळं आयुष्य हिरावून घेतलं मी. तेही एका फालतू खुन्याचं नाव कळावं म्हणून!

२९ जानेवारी, गुरुवार

एकटी शिवते. हात चालतो. मन नाही. पुस्तक एकही वाचलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबांचा फोन. आवाज इतका मोकळा की आधी वाटलं, चुकीचा नंबर लागला. रोज दुपारी झोपतात म्हणे! नातीबरोबर बागेत जातात.

मी माफी मागायला लागले. त्यांनी थांबवलं. "रागावणार नसशील तर एक सांगतो. चहाचं ते गोल बघितलं ना, तेव्हा मला वाईट नाही वाटलं. सुटलो असं वाटलं. तीन वर्षांपासून नको झालं होतं ते दुकान. पण तुझं दुसरं काही नाही, तू एकटी पडशील, म्हणून बसत होतो. नुसता उठून गेलो असतो तर तू येऊ दिलं नसतंस. आता तुझा हात बसलाय, तुझं तू छान चालवशील. तुला आवडतं ना?"

मी म्हटलं, "हो बाबा, खूप."

आणि फोन ठेवून तशीच बसून राहिले. मी तर त्यांच्यासाठी बसले होते.